माझ्या वाट्याचा जिक्र

५ ऑगस्ट १९९०, रविवार

आजपासून रोजनिशी. शिकलेल्या माणसाने स्वतःवर नजर ठेवली पाहिजे. निकाल लागून दीड महिना झाला आणि मी अजून काहीच सुरू केलेलं नाही.

घरात मी पहिली ग्रॅज्युएट. अब्बा सातवी. सिराज दहावीला दोनदा बसला आणि आता आमच्या चार पॉवरलूमच्या कारखान्यात कायमचा उभा आहे. अम्माला सही येते, पण वेळ आली की अंगठाच बरा म्हणते. चारचौघांत मला लाज वाटते. हे सगळं बदलायचं काम आपलंच.

ठराव: पहाटे फज्रच्या नमाजला उठणे. रोज जिक्र करणे, अल्लाहचं नाव घेणे, तोही अर्थ समजून. कोणावर न चिडणे.

बातमी वाईट. गुरुवारी इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. माझ्या थोरल्या बहिणीचा, रशिदाआपाचा, नवरा यूनुसभाई तिथे एसी मेकॅनिक आहे. फोन लागत नाही. आपा मार्चपासून आमच्याकडेच राहते. रेडिओ मांडीवर घेऊन बसली आहे. मी म्हटलं, घाबरू नकोस, आंतरराष्ट्रीय दबाव येईल. तिने विचारलं, म्हणजे किती दिवसांत? मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, लवकरच.

६ ऑगस्ट

उठले नाही. उद्यापासून.

९ ऑगस्ट, गुरुवार

मोहल्ल्यात कोणावर काही संकट आलं की जुबैदाखाला चिंचोक्यांची गोणी घेऊन हजर होते. आज आमच्याकडे आली. सोबत गल्लीतल्या दहा-बारा बायका. पांढरी चादर अंथरली, मधोमध चिंचोक्यांचा ढीग. एकेक चिंचोका उचलायचा, आयते करीमा म्हणायची, तो चिंचोका पलीकडे ठेवायचा. सवा लाख झाले की खतम पुरा, मग दुआ. यूनुस पैगंबरांनी माशाच्या पोटात असताना म्हटलेले शब्द आहेत हे. खाला म्हणाली, आपलाही यूनुसच अडकलाय, याच्याहून चांगला खतम कुठला असणार गो?

कल्पना उत्तम. अंमलबजावणी भयंकर.

मी कोपऱ्यात बसून निरीक्षण केलं. बोटं चिंचोक्यांवर आणि तोंडात कांद्याचा भाव. कोणाच्या सुनेने कोणाला काय म्हटलं. एक बाई बसल्या बसल्या झोपली, हात मात्र चालूच. स्वतः खालाने एका दमात तीन चिंचोके सरकवले. मी डोळ्यांनी पाहिलं. वर आपाला म्हणते कशी, "गो रशिदा, तुझा दुल्हा माशाच्या पोटातून येतोच हाय, तर येताना दोन पापलेटं पन घेऊन ये म्हणावं." सगळ्या हसल्या. आपा तर इतकी हसली की ओढणीने डोळे पुसावे लागले. आठवडाभरात पहिल्यांदाच. खुद्द जिक्रच्या चादरीवर!

मला फार लाज वाटली. चार तासांत मुश्किलीने काही हजार झाले असतील. तेही असे.

काहीतरी केलं पाहिजे.

१२ ऑगस्ट, रविवार

योजना तयार. दुपारभर बसून केली (त्यामुळे जोहरची नमाज राहिली).

मूळ दोष असा की सगळ्या एकत्र बसतात. एकत्र बसल्या की गप्पा होणारच. तेव्हा चिंचोके वाटून द्यायचे. प्रत्येकीने आपापला वाटा घरी न्यायचा, एकांतात, एकाग्र होऊन पुरा करायचा आणि ठरल्या तारखेला गाठोडं परत आणायचं. लूमवर प्रत्येक कारागिराची वेगळी शिफ्ट असते, तसंच. त्याआधी मी सर्वांना अर्थ समजावून सांगणार.

खालाला सांगितलं. ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "पन बाय, आमी येतो ती काय नुसती मोजायला येतो काय?" मी विचारलं, मग कशाला येता? तिने सुपारी तोंडात टाकली. अम्मा मध्ये पडली. म्हणाली, "जाऊ दे जुबैदा, शिकलेली हाय ती. तिला कळतं."

अम्माविषयी मी उगाच वाईट विचार करते.

१६ ऑगस्ट, गुरुवार

ऐतिहासिक दिवस.

आधी अर्थ सांगितला. तुझ्याशिवाय कोणी इलाह नाही, तू पवित्र आहेस, खरोखर मीच अन्याय करणाऱ्यांपैकी आहे. "मीच" या शब्दावर मी जोर दिला. म्हटलं, संकटात माणूस दुसऱ्याला दोष देतो. इथे पैगंबर स्वतःकडे बोट दाखवतात. हे मनात ठेवून म्हणा. खाला म्हणाली, "आता मतलब कळला गो, तर जीभ अडखळायला लागली. आदी कशी सरळ जायची."

हेच तर हवं होतं.

मग वाटप. जुन्या परकरांची गाठोडी शिवून ठेवली होती. आपाने वीस हजार घेतले. खालाने पंधरा. माझं नाव येताच मी म्हटलं, पंचवीस. कोणीतरी आदर्श घालून द्यायला हवा. बायकांनी तोंडात बोटं घातली. अम्माची मान ताठ झाली.

पाऊण तासात खोली रिकामी. एरवी मगरिबपर्यंत, दिवस मावळेपर्यंत हलत नाहीत. चादर मी घडी करून ठेवली. आपा तिथेच बसून होती, गाठोडं मांडीवर घेऊन. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, एकदम शांत वाटलं.

एकाग्रतेला पोषक वातावरण निर्माण झालं आहे.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

शुक्रवार म्हणून लूम बंद. शांतता. सुरुवातीला उत्तम दिवस.

तीनशे झाले. घसा सुकला. पाणी प्यायला उठले तर सिराज क्रिकेट बघत होता. जरा टेकले.

उरलेले उद्या.

२० ऑगस्ट, सोमवार

काल आणि परवा डोकं दुखत होतं. आज दोनशे. त्यातल्या काहींच्या वेळी लक्ष नव्हतं, म्हणून ते प्रामाणिकपणे परत ढिगात टाकले. किती होते ते लक्षात नाही, अंदाजाने एक मूठ टाकली. आता मूळ ढीग सुरुवातीपेक्षा मोठा वाटतो.

आपा सकाळी चहा झाला की बसते ती दुपारपर्यंत. मग परत असरच्या नमाजपासून मगरिबपर्यंत. बोलत नाही कोणाशी. पद्धतीचा गुण दिसू लागला.

खाला आज जिन्यात भेटली. रशिदा कशी हाय, विचारलं. वर ये ना, म्हटलं. म्हणाली, "नको बाय, तिचं वाचणं चाललं असंल. तूच म्हणलीस ना एकांत." शिस्त लागायला वेळ लागत नाही, लावणारा पाहिजे.

२३ ऑगस्ट, गुरुवार

नवा विचार. जिक्र म्हणजे स्मरण. स्मरणाला बसावंच लागतं असं कुठे आहे? उठता-बसता, चालता-फिरता होऊ शकतं. आजपासून काम करता करता मनात म्हणायचं आणि चिंचोके नंतर एकदम सरकवायचे.

सकाळी दात घासताना सुमारे वीस. भाजी निवडताना सुमारे पन्नास. आंघोळीच्या वेळी म्हणू नये असं आठवलं, तोवर दहा झाले होते. ते वजा.

संध्याकाळी हिशेब लागेना. एक ओंजळ सरकवली. ओंजळीत शंभर मावतात असं धरलं.

२६ ऑगस्ट, रविवार

कमळकडे टेमघरला गणपतीला गेले. कॉलेजची मैत्रीण, नाही म्हणता येईना. वेळ फुकट जाऊ नये म्हणून पर्समध्ये थोडे चिंचोके घेतले होते. रिक्षात म्हणायचे होते, पण रिक्षावाला सारखा बोलत होता.

कमळच्या उंबऱ्यावर पर्स उपडी झाली. कमळची आक्का चिंचोके वेचून आत घेऊन गेली. मला वाटलं, धुऊन देईल. थोड्या वेळाने ताटलीत भाजून आणले. "खा पोरी, चावाया बरं असतात." कसं सांगणार? दोन खाल्ले. खमंग होते.

ते म्हटलेले होते की न म्हटलेले, देव जाणे.

येताना मन उदास. आपा दारातच उभी होती. म्हणाली, तुझे किती झाले? म्हटलं, बरेच. ती म्हणाली, "तुझं बरंय, तुला अर्थ ठाऊक हाय. तुझा एक माझ्या दहाच्या बरोबर."

मी मान खाली घातली. विनय.

२९ ऑगस्ट, बुधवार, दुपारी ३

सापडलं!

सिराजचा डबा द्यायला कारखान्यात गेले होते. चारही लूम चालू, त्यात कानाशी ओरडावं लागतं. उभी होते आणि अचानक ऐकू आलं. धोटा इकडून तिकडे, खटाक. तिकडून इकडे, खटाक. प्रत्येक खटक्यात आयते करीमा बसते! सृष्टीतली प्रत्येक वस्तू आपापल्या परीने अल्लाहची तस्बीह, म्हणजे स्तुती, करते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग लूम का नाही? माणसाने फक्त नियत करायची. नियत माझी, खटका लूमचा.

घड्याळ लावून पाहिलं. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास.

म्हणजे एका दुपारचं काम. आजवर कोणाला कसं सुचलं नाही?

३० ऑगस्ट, गुरुवार

झालं. माझ्या वाट्याचा जिक्र पुरा.

वजू केला. दोन रकात नफिल नमाज पढले. कारखान्यात स्टूल टाकून दुसऱ्या नंबरच्या लूमसमोर बसले. चार लूम एकदम धरले असते तर तासाभरात उरकलं असतं, पण ते मनाला पटेना. एकच धरला. प्रामाणिकपणा महत्त्वाचा.

मधे धागा तुटला तेव्हा तीन नंबरचा धरला. तो थोडा जलद होता.

सिराज म्हणाला, "काय बी.ए., सुपरवायझर झालीस काय?" मी लक्ष दिलं नाही. मग कमळ आली, ब्लाऊजपीस परत द्यायला. काय करतेस विचारलं. तिला म्हणून सांगितलं, कारण तिला यातलं काही कळणार नाही. ती दोन मिनिटं लूमकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन ओरडली, "मंग जन्नतमदी लूम जाईल गं! तू हितंच बसशील स्टुलावर!"

इतकी हसली की कारागीर वळून बघायला लागले.

कमळला धर्मातलं काय कळतं? तरी येताना वाटभर कान गरम होते. उन्हाने असेल.

घरी येऊन सगळे चिंचोके एका हाताने गाठोड्यात भरले. तोंड घट्ट बांधलं.

६ सप्टेंबर, गुरुवार

खतम पुरा. सगळ्या आपापली गाठोडी घेऊन आल्या. खालाने विचारलं, झालं सगळ्यांचं? स्वतःचं सांगितलं, पंधरा हजार पुरे, "नातवाने एक गिळला, तो बी पुरा धरला." बाकीच्याही हो म्हणाल्या. एक-दोघी हो म्हणताना माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी चालढकल केली असणार.

मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. पंचवीस?

म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह.

एवढंच म्हटलं. हे खोटं म्हणता येणार नाही. अल्हम्दुलिल्लाह कधीही म्हणता येतं.

खालाने दुआ केली. आपा आमीन म्हणताना अशी रडली की अम्माला तिला धरावं लागलं. शिरनीचे पेढे वाटले. अब्बा आत येऊन फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. पेढा मी सिराजला दिला. सध्या गोड बंद करणे.

९ सप्टेंबर, रविवार

रेडिओवर सांगतात, कुवेतहून लोक जॉर्डनला पोचतायत, तिथून विमानाने मुंबईला. महापोलीचे दोघे आले म्हणे. पडघ्याचा एक आला. यूनुसभाईला कोणी पाहिलेलं नाही.

आपा आता रेडिओ लावत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की उठून उभी राहते.

१२ सप्टेंबर, बुधवार

लिहू की नको. पण लिहायचं ठरवलं आहे.

दुपारी आपा माझ्याजवळ येऊन बसली. दार लोटून घेतलं. म्हणाली, नसीबा, तू शिकलेली आहेस, खरं सांग. मी विचारलं, काय. ती म्हणाली, खतम कबूल झाला नाही तो माझ्यामुळे. मधल्या चार दिवसांत तिला अडचण होती. त्या दिवसांत दुआ चालते असं खाला सांगते, म्हणून ती थांबली नाही. थांबली तर वीस हजार वेळेत होणार नाहीत, असं वाटलं. पण ही तर नुसती दुआ नव्हे, कुराणातली आयत आहे. "मी नापाक हातांनी चिंचोके उचलले. सगळ्यांची मेहनत मी बुडवली. तू एवढे पंचवीस हजार केलेस, तेही बुडवले. असं असंल ना गो?"

माझा हात तिच्या हातात होता.

तेव्हा मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. तोंडात आलंही होतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं अब्बा डॉक्टरकडे बघतात.

मी म्हटलं, "असेल."

एकच शब्द. तो शास्त्राला धरून आहे की नाही, पुस्तकात बघायला हवं. पुस्तक खालच्या पेटीत आहे. पेटीवर गाद्या आहेत.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आपाने सगळं पुन्हा सुरू केलं. सगळ्यांचे वाटे. एकटीने. सगळी गाठोडी सोडून एका चादरीवर ओतली आहेत. अम्माला सांगितलंय, शुक्रान्यासाठी, आभार म्हणून आगाऊ करतेय. कोणाला खरं सांगू नकोस, म्हणाली मला. मला लाज वाटते, म्हणाली.

तिला.

१६ सप्टेंबर, रविवार

ठराव: आज असरनंतर सांगणे.

असरनंतर पाहुणे आले. ते उठेपर्यंत मगरिब. मगरिबनंतर आपाची बैठक. तिला अडथळा नको.

१७ सप्टेंबर, सोमवार

सांगण्याआधी कोणत्या शब्दांत सांगावं याचा विचार करायला हवा. नुसतं सांगून टाकणं म्हणजे स्वतःचं ओझं दुसऱ्यावर टाकणं. मानसशास्त्राच्या पुस्तकात असं काहीतरी होतं. आपा आधीच नाजूक आहे. तिला धक्का बसेल. तेव्हा न सांगणं हेच सध्या तिच्या हिताचं.

दोन तास चांगलं वाटलं.

१९ सप्टेंबर, बुधवार

आपा जेवत नाही. ओठ फुटलेत. बोटांची टोकं चिंचोक्यांनी काळी झाली आहेत. अम्माने खालाला बोलावलं. खाला दारात उभी राहून बघत राहिली. पापलेटाचं काही बोलली नाही. अम्माला हळूच म्हणाली, "ही अशी एकटी कशाला बसलीय गो? आमाला कोनी बोलावलं का न्हाय?" आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. उत्तर ऐकायला.

मी आत जाऊन लिंबाचं सरबत केलं. आपासाठी. मीठ जास्त झालं. तिने सगळं प्यायलं आणि म्हणाली, "तू हाय म्हणून धीर हाय."

मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. पाणी येत नव्हतं.

ठराव: उद्या. नक्की.

२० सप्टेंबर, गुरुवार

नाही.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

तिच्याशेजारी जाऊन बसले. सांगायला. तिने चिंचोक्यांचा एक भाग माझ्याकडे सरकवला. मी म्हणू लागले. सावकाश, तोंडाने, एकेक. शंभर-सव्वाशे झाले असतील. अर्थ सारखा मधे येत होता. मीच अन्याय करणाऱ्यांपैकी. सोळा ऑगस्टला यावर मी इतकं छान बोलले होते.

उठले. पाठीत कळ आली म्हणून सांगितलं.

२२ सप्टेंबर, शनिवार

यूनुसभाई आला.

सकाळी अकराला गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली आणि पोरं ओरडत आली. दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकची एक पिशवी, पायात दोन वेगळ्या चपला. आपा चादरीवरून उठली आणि चिंचोक्यांवरून तशीच धावत गेली. जिन्यापर्यंत चिंचोके सांडले होते. दारात तिने त्याला नुसतं धरलं. बाह्या, खांदे, चेहरा, असं सगळीकडे चाचपून पाहिलं. तोच बोलत होता. "अगो हाय मी, हाय."

मी रडले. खरंच रडले. आणि त्याच वेळी, रडता रडता, मनात एक विचार आला. आता सांगायची गरज नाही.

हा विचार मला आला. लिहून ठेवते.

२३ सप्टेंबर, रविवार

सगळा मोहल्ला घरात. यूनुसभाई वाळवंटाच्या गोष्टी सांगतो. पाण्याच्या रांगा, तंबू, एक मल्याळी सोबती ज्याच्याबरोबर एक पाव चार दिवस पुरवला. खाला म्हणाली, "पापलेटं न्हाय आनलीस काय रे?" त्याला काही कळेना, पण बायका हसून लोटपोट.

मग आपाने सगळ्यांसमोर त्याला सांगितलं. माझ्या बहिणीने तुझ्यासाठी पंचवीस हजार केले. माझे तर बादच होते. तू आलास तो हिच्या मेहनतीने.

यूनुसभाई उभा राहिला. माझ्यासमोर. म्हणाला, "नसीबा, मी तुझा कर्जदार."

खाला म्हणाली, आज दुआ ही करंल. सगळ्यांनी हात उचलले. मी दुआ केली. मोठ्याने, चांगल्या उर्दूत, आवाज मधे भरूनही आला. बायका आमीन आमीन म्हणत होत्या. आपाचा आमीन सगळ्यात मोठा.

नंतर अम्मा म्हणाली, पलीकडच्या गल्लीतल्या शब्बीरच्या घरच्यांनाही खतम करायचाय, नसीबाच हवी म्हणतात. हिच्या हातून कबूल होतं.

मी हो म्हटलं. सगळ्यांच्या देखत कसं नाही म्हणणार?

२४ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

गच्चीवर आपा यूनुसभाईचे कपडे वाळत घालत होती. मी प्रस्तावना तयार केली होती. माणसाच्या दुर्बळतेबद्दल सुरुवात केली. ती म्हणाली, "चिमटे दे आधी." चिमटे दिले. मग प्रस्तावना आठवेना, म्हणून सरळ सांगून टाकलं. स्टूल, दोन नंबर, तीन नंबर, सगळं.

ती आधी हसली. "लूमवर?" खरंच हसली, शर्ट छातीशी धरून. मीही हसले. वाटलं, एवढंच होतं तर! इतके दिवस मी उगाच.

मग तिचं हसू थांबलं. माझं थोडं नंतर थांबलं.

तिने विचारलं, "माझ्यामुळे खतम तुटला म्हणून मी रडले, तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

म्हटलं, हो.

"मी परत बसले तेव्हा?"

हो.

"सरबत दिलंस तेव्हा?"

मी मान हलवली.

ती म्हणाली, "चिंचोक्यांचं काय मोठंसं न्हाय नसीबा. अल्लाह माफ करणारा हाय, आणि खाला पण तीन-तीन सरकवते, मला काय दिसत न्हाय? पण मी नापाक म्हणून तुझ्यापुढे रडत होते, आणि तू माझा हात धरून 'असेल' म्हणालीस."

मी म्हटलं, चूक झाली.

"आणि आज सांगतेस. तो आला म्हणून. आला नसता तर?"

म्हटलं, तरी सांगितलं असतं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. "न्हाय सांगितलं असतंस," म्हणाली.

उरलेले दोन शर्ट बादलीत तसेच ठेवून ती खाली गेली. मी ते वाळत घातले. खूप वेळ लागला.

ठराव: यापुढे खोटं बोलायचं नाही. एवढा एकच. आधीचे सगळे रद्द.

२५ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी साडेनऊ

आपा यूनुसभाईबरोबर सासरी गेली, महापोलीला. रिक्षा दारात लागली होती. अम्माच्या गळ्यात पडून रडली. खालाचे हात डोळ्यांना लावले. सिराजला म्हणाली, दर जुम्म्याला येत जा, लूम बंदच असतात. मी तिची बॅग रिक्षात ठेवली. तिने बॅगेकडे बघत "येते" म्हटलं.

रिक्षा वळेपर्यंत अम्मा उभी होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुमा दोघींत काय झालं गो?"

म्हटलं, कुठे काय. ती दमली असेल.